संचालकांच्या धारणा जुळत नसताना निर्णय कसा घ्यावा: शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या (शेतकरी सभासदांनी मिळून चालवलेल्या कंपन्यांच्या) बैठकांना बसताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. मोठ्या खर्चाचा विषय निघतो, मंडळात दोन गट पडतात, तीन-चार बैठका वादात जातात आणि शेवटी कंटाळून मतदान घेतले जाते. ठराव होतो, कर्ज मंजूर होते, यंत्रे येतात आणि ज्या माणसाला तो विषय मुळात पटलेलाच नव्हता त्याच्याच हाती तो चालवायला दिला जातो. पुढे काम रखडले की "माणूस कामचुकार निघाला" असा निष्कर्ष काढला जातो. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. बैठकीला बसलेल्यांच्या धारणाच निराळ्या होत्या आणि त्या निराळ्या आहेत हे गृहीत धरून अधिकार, काम व मोबदला यांची वाटणी कोणी केली नव्हती.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण वापरले आहे. केळी उत्पादकांची एक कंपनी आहे असे समजा. हातातले पैसे केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये घालावेत की आखाती देशांतील निर्यातीसाठी पॅकहाउस (माल निवडून, धुऊन, खोक्यांत भरण्याचे केंद्र) उभारावे, यावर तिचे संचालक विभागले गेले आहेत. हेच टप्पे जिनिंगच्या, दूध संघाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या मंडळालाही लागू पडतात. क्रम मात्र बदलू नये.

तयारी: बैठकीच्या आठ दिवस आधी

विषय एका वाक्यात, रक्कम आणि मुदत घालून लिहावा. "चेंबर घ्यावे का?" असा मोघम विषय ठेवला की प्रत्येक जण मनात वेगळेच चेंबर धरून बोलतो. "येत्या मार्चपर्यंत कंपनीने स्वतःच्या जागेत अमुक टन क्षमतेचे चेंबर उभारावे, तेच पैसे पॅकहाउसमध्ये घालावेत, की यंदा दोन्ही टाळावे?" असे लिहिल्यावर वादाची जागा निश्चित होते. "दोन्ही टाळावे" हा पर्याय लेखी असलाच पाहिजे, नाहीतर ज्याला तो योग्य वाटतो त्याला विरोधक ठरवले जाते.

त्यानंतर सर्वांना एकच फाइल द्यावी. रावेर आणि बऱ्हाणपूर येथील मागील तीन वर्षांचे भाव नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (पिलांवर घेतलेल्या पिकाचा माल) आणि वापसी (कमी प्रतीचा माल) असे वेगवेगळे काढावेत. सभासदांचे मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) व कांदेबागेखालील (पावसाळ्यानंतरची लागवड) क्षेत्र, परिसरात वीज प्रत्यक्षात किती तास टिकते याची नोंद आणि जवळच्या भाड्याच्या चेंबरचे दर हेही जोडावे. अध्यक्षांकडे एक आकडा आणि सचिवांकडे दुसरा असेल तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

तिसरी तयारी नाजूक आहे. या विषयात कोणाचा व्यक्तिगत व्यवहार गुंतला आहे, हे आधीच उघड करून घ्यावे. जागा भाड्याने देणारा भाऊबंद असू शकतो, यंत्र पुरवणारा नातेवाईक असू शकतो, आडत चालवणारा मेहुणा असू शकतो. संचालकाने आपला हितसंबंध सांगणे कायद्यानेही बंधनकारक आहे. ते फाइल वाटतानाच झाले तर बैठकीत कोणाला टोचून विचारण्याची वेळ येत नाही.

टप्पा १: मतभेद कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

मतभेद तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिला माहितीचा. एकाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला नाही. यावर फाइल पुरेशी आहे. दुसरा हिताचा. निर्णयाने एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा होणार असतो. यावर तडजोड किंवा भरपाई करावी लागते. तिसरा धारणेचा. माहिती तीच, हित तेच, तरीही जग कसे चालते याविषयी दोघांची समजूत भिन्न असते. "आपला शेतकरी कंपनीला माल देतो" असे एकाला मनापासून वाटते, तर "व्यापाऱ्याने पन्नास रुपये जास्त दिले की कोणी देत नाही" असे दुसऱ्याला तितक्याच मनापासून वाटते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले की दोन विचारी माणसांची मूळ धारणा एकच असेल आणि परस्परांचे अंदाज दोघांनाही पूर्णपणे उघड असतील, तर ते अंदाज भिन्न राहू शकत नाहीत. मंडळासाठी याचा उपयोग थेट आहे. फाइल सर्वांनी वाचली आहे, हितसंबंध उघड झाले आहेत, सर्वांनी मोकळेपणाने बोलून झाले आहे आणि तरीही अंदाजांत मोठी तफावत उरली, तर ती तफावत बहुतांशी मूळ धारणेतून आलेली असते. त्याच मुद्द्यांवर चौथी बैठक घेऊन ती मिटणार नाही.

हित आणि धारणा यांतला फरक ओळखण्यासाठी मी एक प्रश्न वापरतो: "हेच चेंबर, हेच दर, हेच सभासद, पण पैसे शेजारच्या तालुक्यातील कंपनीचे असते, तर ते चालेल असे तुम्हाला वाटले असते का?" उत्तर तेच राहिले तर मतभेद धारणेचा आहे. उत्तर बदलले तर हित कुठेतरी दडलेले आहे आणि तयारीतला तिसरा भाग पुन्हा करावा लागेल.

*सावधान:* धारणेच्या मतभेदाला हिताचा समजून "यांचे व्यापाऱ्याशी साटेलोटे आहे" असा आरोप एकदा झाला, की तो माणूस पुढे खरा अंदाज सांगत नाही. गावात ही दुखावणूक लग्नकार्यापर्यंत पोहोचते. प्रकार ठरेपर्यंत हेतूंविषयी कोणीही बोलायचे नाही, हा नियम अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावा.

टप्पा २: चर्चेपूर्वी प्रत्येकाचा अंदाज चिठ्ठीवर घ्या

आपल्याकडे मंडळात आबा असतात, नाना असतात, ज्यांनी पहिल्या दिवशी घरोघर फिरून भागभांडवल गोळा केले असे दादा असतात. ते बोलले की तरुण संचालक गप्प होतो आणि बाहेर चहाच्या टपरीवर मन मोकळे करतो. आदर राखलाच पाहिजे, पण आदरापोटी दडलेली धारणा नाहीशी होत नाही. ती अंमलबजावणीच्या वेळी वर येते.

म्हणून तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहावा. "चांगले चालेल", "अवघड वाटते" असे शब्द नकोत. प्रश्न असा द्यावा: "अशा दहा हंगामांपैकी किती हंगामांत चेंबर निम्म्याहून अधिक क्षमतेने चालेल?" चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात आणि बोलण्याची सुरुवात वयाने सर्वांत लहान संचालकाने करावी.

समजा, पाच चिठ्ठ्यांवर ८, ७, ७, ३ आणि २ असे आकडे आले. यांची सरासरी काढून ५.४ हा "मंडळाचा अंदाज" म्हणून नोंदवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्या बैठकीत साडेपाचाच्या आसपास कोणाचेच मत नाही. तिथे दोन वेगळी जगे बसलेली आहेत आणि ती का वेगळी आहेत हेच पुढे शोधायचे आहे.

टप्पा ३: मोठी धारणा कड्यांमध्ये फोडा

"चेंबर चालेल" ही एक धारणा नाही, ती साखळी आहे. सभासद माल देतील. तो पिकवताना बिघडणार नाही. पिकलेल्या मालाला जळगाव, धुळे, नाशिककडे पुरेसा वाढीव भाव मिळेल. प्रत्येक कडीसाठी, आधीची कडी जमली असे धरून, पुन्हा दहापैकी आकडा लिहायचा.

येथे दोन गोष्टी हटकून उघड होतात. पहिली गुणाकाराची. ज्याने एकूण ८ लिहिले होते त्याने तीन कड्यांना ९, ८ आणि ९ दिले, तर ०.९ × ०.८ × ०.९ म्हणजे सुमारे ०.६५ होतात, अर्थात दहापैकी साडेसहा. आपला स्वतःचाच पहिला अंदाज फुगलेला होता हे त्याला कोणी न सांगता दिसते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे: दोन गटांचे आकडे बहुतेक कड्यांवर जवळजवळ सारखे असतात आणि एकाच कडीवर फाटतात. आपल्या उदाहरणात पिकवण्याच्या तंत्राविषयी फारसा वाद निघणार नाही. इथिलीन वायू, १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता ही पद्धत आता सर्वांना ठाऊक आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे हेही. फाटाफूट होते ती "सभासद माल देतील का" या पहिल्याच कडीवर, कारण पिकवणीला चार ते सहा दिवस जातात, मग विक्री होते, मग पैसे येतात, आणि तोपर्यंत ज्याने व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली आहे त्याने काय करावे याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात नसते.

*तपासणी:* या टप्प्याच्या शेवटी फळ्यावर वादाची एकच कडी, फार तर दोन, उरल्या पाहिजेत. चार-पाच उरल्या असतील तर पहिल्या टप्प्यात हिताचा मतभेद नजरेतून सुटला आहे असे समजावे.

टप्पा ४: उरलेल्या कडीची चाचणी घ्या, पण निकष आधी लिहा

दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारावा: "काय दिसले तर तुमचा आकडा निम्म्याने बदलेल?" ज्याला कशानेही फरक पडणार नाही असे वाटते, त्याचे मत ठरावात धरावे, पण चाचणीची आखणी त्याच्याकडे देऊ नये.

आपल्या उदाहरणात चाचणी स्वस्त आहे. सहा आठवडे भाड्याच्या चेंबरमध्ये सभासदांचा माल पिकवून विकायचा. निकष असा ठरवता येईल: पहिल्यांदा माल दिलेल्या ६० सभासदांपैकी किमान ४० जणांनी, व्यापाऱ्याचा भाव कंपनीपेक्षा चढा असलेल्या एखाद्या आठवड्यातही, दुसऱ्यांदा माल दिला पाहिजे. पंचवीसच्या खाली आले तर चेंबरचा विषय वर्षभर बंद. मधले आले तर चाचणी एकदाच वाढवायची. हे तिन्ही आकडे चाचणीपूर्वी इतिवृत्तात लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नंतर लिहिलेला निकष हा निकष नसतो. प्रत्येक जण दिसलेल्या गोष्टीतून आपलीच धारणा सिद्ध करतो.

चाचणीचा काळ निवडताना श्रावण, नवरात्र आणि रमजान टाळावेत. उपवासाच्या मागणीत सगळेच विकले जाते आणि त्यावरून आषाढाचा अंदाज बांधता येत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळिशीच्या पुढे गेलेले असताना व वादळी पावसाने बागा पडत असताना घेतलेली चाचणीही चेंबरवर अन्याय करणारी ठरते.

माहिती गोळा करण्याचे काम कोणाला द्यावे? मंडळे ते उत्साही माणसाला देतात. माझा सल्ला उलट आहे. मंडळाच्या कलापेक्षा ज्याचे मत वेगळे आहे त्याला ते द्यावे. येऑन-कू चे (Yeon-Koo Che) आणि नवीन कार्तिक (Navin Kartik) या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडले की वेगळे मत असलेला सल्लागार माहिती जमवण्यासाठी अधिक कष्ट घेतो, कारण समोरच्याला पटवण्यासाठी त्याला पुराव्याची गरज असते. मात्र त्याच माणसाला आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी माहिती मागे ठेवण्याचा मोहही अधिक होतो. दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन व्यवस्था करावी. काम शंका घेणाऱ्याला द्यावे, पण अहवालासोबत काट्याच्या मूळ पावत्या, विक्रीची बिले आणि सभासदांची तारीखवार यादी मागून घ्यावी. केवळ निष्कर्षाचे एक पान स्वीकारू नये.

टप्पा ५: ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे निकालापूर्वी ठरवा

हा टप्पा छोटा आहे, पण तो निकाल हाती येण्यापूर्वी झाला पाहिजे. साध्या बहुमताने ठरवायचे, दोन-तृतीयांशाने ठरवायचे की तीन जणांच्या समितीवर सोपवायचे, यापैकी एक लेखी निवडावे. विरोध करणाऱ्या संचालकाचे नाव इतिवृत्तात येऊ द्यावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ नुसार ठरावाशी असहमत असलेल्यांची नावे नोंदवायचीच असतात. "सर्वानुमते" असे लिहून वरवर एकी दाखवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तिच्यामुळे सहा महिन्यांनी कोणाला काय वाटत होते याचा मागमूस उरत नाही.

टप्पा ६: राबवणारा माणूस आणि त्याचा मोबदला धारणेशी जुळवा

सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे थांबून विचार करावा.

ज्याला काम यशस्वी होईल असे वाटते तो त्यात जास्त जीव ओततो. ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट नेमणुकीच्या वेळी विसरली जाते. कापसाचे उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडण्यासाठी फरदड (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचे जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी (कपाशीची झाडे) वेळेत काढा, असे सभासदांना सांगण्याचे काम कंपनीने एका क्षेत्र अधिकाऱ्याला दिले. त्याच्या स्वतःच्या घरी फरदडीचे दोन पैसे येतात आणि "शेवटची वेचणी सोडणे म्हणजे लक्ष्मी लाथाडणे" अशी त्याची समजूत आहे. तो गावोगाव जाईल, हजेरी भरेल, पत्रके वाटेल, पण ओट्यावर बसून शेतकऱ्याशी वाद घालणार नाही. पगार वाढवून किंवा नोटीस देऊन त्या समजुतीला हात लागत नाही. ते काम फरदड सोडून ज्याने स्वतःच्या शेतात फरक पाहिला आहे, अशा माणसाला द्यायला हवे.

व्यवस्थापकाच्या बाबतीत हे अधिक गुंतागुंतीचे होते. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांमधला चालत नाही. म्हणजे मंडळाच्या धारणा बांधावरच्या अनुभवातून आलेल्या, तर त्याच्या कदाचित कृषी महाविद्यालयातून किंवा खाजगी कंपनीच्या नोकरीतून आलेल्या. केंद्राच्या २०२० मधील दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. ते संपत आले की पगाराचा भार कंपनीवर येतो आणि मंडळाला एक सोपा मार्ग सुचतो: पगार कमी, नफ्यावर टक्केवारी जास्त.

येथेच घोळ होतो. नफ्यावर टक्केवारी मिळणारा माणूस अधिक कष्ट करील हे खरे, पण ते कष्ट त्याला स्वतःला योग्य वाटणाऱ्या दिशेने होतील. मंडळाने चेंबरचा ठराव केला आहे आणि अधिकाऱ्याला मनातून पॅकहाउसच खरे वाटते, अशा वेळी टक्केवारी जितकी मोठी तितका मंडळाचा आदेश बाजूला सारण्याचा त्याचा मोह मोठा. चांगला माल तो निर्यातदाराला दाखवील आणि चेंबरला वापसी पाठवील. यात त्याची बेइमानी नाही. ज्यात नफा दिसतो ते तो करतो आहे, आणि नफ्यावरच तुम्ही त्याचे पोट बांधले आहे.

म्हणून दोनच जोड्या जमतात:

१. मंडळाचा निर्णय जसाच्या तसा राबवून हवा असेल, तर स्थिर पगार द्यावा आणि मोजमाप कामाचे करावे: आठवड्याला किती टन माल चेंबरला गेला, तापमानाची नोंद झाली का, सभासदांचे पैसे ठरल्या दिवशी गेले का.

२. त्याच्या अकलेचा आणि उत्साहाचा फायदा हवा असेल, तर निकालावर टक्केवारी द्यावी आणि निर्णयही त्यालाच घेऊ द्यावा. मंडळाने फक्त खर्चाची मर्यादा आखावी.

*सावधान:* टक्केवारी त्याची आणि निर्णय मंडळाचा, ही तिसरी जोडी लावू नये. दोन बाजूंच्या धारणा जुळत असतील तोवर ती चालल्यासारखी दिसते, आणि धारणा फाटल्या त्या दिवसापासून रोजचे भांडण सुरू होते.

राबवणारा विश्वास असलेला असावा, तर मोजणारा शंका असलेला असावा. चेंबरची समिती ८ लिहिणाऱ्या संचालकाकडे द्यावी, पण दरमहा हिशेब तपासून खर्चाच्या धनादेशावर दुसरी सही करण्याचे काम २ लिहिणाऱ्याकडे असावे. त्याला सही अडवता येऊ नये. लेखी शेरा मारता यावा, एवढे पुरे.

नवीन माणसे घेतानाही याच गोष्टीकडे लक्ष द्यावे. आपल्या मताची माणसे घेतली की काम झपाट्याने होते, समजावत बसावे लागत नाही, वातावरण आनंदी राहते. त्याची किंमत अशी की "हे चुकत तर नाही ना?" हे तपासण्याची कोणालाच गरज वाटेनाशी होते. राबवणाऱ्या मंडळींत एकमत चालेल. संचालक मंडळात मात्र दोन-तीन वेगळ्या धारणांची माणसे मुद्दाम टिकवावीत.

टप्पा ७: पाकीट, तारीख आणि आढावा

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या सर्व चिठ्ठ्या एका पाकिटात घालून, त्यावर आढाव्याची तारीख टाकून, सह्यांसह कपाटात ठेवाव्यात. अनेक पर्यायांतून माणूस ज्याविषयी त्याचा अंदाज सर्वांत चढा असतो तोच पर्याय निवडतो, त्यामुळे निवडलेल्या पर्यायाविषयीचा अंदाज सरासरीने चढाच निघतो. शिवाय यश आले तर ते आपल्या निर्णयामुळे आणि अपयश आले तर ते पावसामुळे, भावामुळे, करपा रोगामुळे, असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते. जुना आकडा समोर असला की ही पळवाट अरुंद होते.

आढाव्याच्या दिवशी आधी प्रत्येकाने, पाकीट न उघडता, "मी तेव्हा काय लिहिले होते" ते आठवून लिहावे, मग पाकीट उघडावे. आठवण आणि चिठ्ठी यांतला फरक मोठ्याने वाचू नये. तो ज्याचा त्याने पाहावा. त्यानंतर कडीवार बघावे: माल आला का, बिघाड किती झाला, भाव किती मिळाला. ज्या कडीवर अंदाज चुकला त्याच कडीवर बोलावे, माणसावर नाही.

पहिला आढावा सहा महिन्यांत घेऊ नये. किमान एक मृगबाग आणि एक कांदेबाग, दोन्हींची कटाई चेंबरमधून गेलेली असावी, कारण दोन्ही हंगामांचे भाव, उष्णता आणि व्यापाऱ्यांची वर्दळ वेगळी असते. बँकेचा हप्ता त्याआधी सुरू होत असेल, तर आढाव्याची तारीख अलीकडे ओढू नये. कर्जाचा करार करतानाच बँकेकडे हप्ते लांबवून मागावेत आणि ते मागणीपत्र ठरावाच्या प्रतीसोबतच जोडावे.